रायफलीची बैठक

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)



‘बैठक’ हा शब्द आपल्या भाषेत फार राबवून घेतलेला शब्द आहे. गाण्याची बैठक असते, पैलवान बैठका मारतो, पुढारी बैठका घेतात आणि एखाद्याच्या विचारांना पक्की बैठक आहे असेही आपण म्हणतो. आज मी ज्या बैठकीविषयी बोलणार आहे ती पोलाद आणि लाकूड यांच्यामधली आहे. नेमबाजीच्या रायफलीचा लोखंडी भाग तिच्या लाकडी दस्त्यात कसा बसला आहे, यावर तिची अचूकता किती अवलंबून असते, हा आजचा विषय. इंग्रजीतून आलेला शब्द ‘बेडिंग’. आपण बैठकच म्हणू.

१ ऑगस्ट २०२४ रोजी पॅरिस ऑलिंपिकमध्ये कोल्हापूर जिल्ह्यातल्या राधानगरी तालुक्याच्या स्वप्नील कुसाळेने ५० मीटर रायफल थ्री पोझिशन या प्रकारात कांस्यपदक मिळवले. त्याआधी २०१० साली म्युनिकच्या जागतिक स्पर्धेत कोल्हापूरच्याच तेजस्विनी सावंतने ५० मीटर प्रोन प्रकारात सुवर्णपदक मिळवले होते. तेव्हापासून आपल्याकडे लहान गावांतली मुले-मुली रेंजवर येऊ लागली. पालक विचारतात, रायफल कोणती घ्यावी? किंमत केवढी? पण हातात असलेली रायफल नीट बसलेली आहे का, हा प्रश्न क्वचितच कोणी विचारतो. परदेशी बनावटीची नवी मॅच रायफल लाखांच्या घरात जाते. बैठक तपासायला लागतो एक स्क्रू-ड्रायव्हर आणि एक संध्याकाळ.

आधी हे यंत्र समजून घेऊ. बोल्ट ॲक्शन रायफल आपल्याला अनोळखी नाही. पोलिसांच्या खांद्यावर कित्येक दशके दिसलेली ‘थ्री नॉट थ्री’ ही बोल्ट ॲक्शनच. कडीसारखा दांडा वर उचलायचा, मागे ओढायचा, पुढे ढकलायचा आणि खाली पाडायचा. काडतूस नळीच्या मागच्या कोठीत बंद होते. हा बोल्ट ज्या पोलादी घरात सरकतो ते घर म्हणजे ॲक्शन. तिच्या पुढे नळी घट्ट बसवलेली असते. नळी आणि ॲक्शन मिळून एक लोखंडी तुकडा होतो. तो लाकडी किंवा ॲल्युमिनियमच्या दस्त्यात कोरलेल्या खाचेत ठेवतात आणि खालून बहुधा दोन स्क्रूंनी आवळतात. दोन स्क्रू आणि एक खाच, एवढीच ती बैठक.

आता हिशेब बघा. ५० मीटरच्या लक्ष्यावर दहा गुणांचे वर्तुळ १०.४ मिलिमीटर व्यासाचे असते, म्हणजे शर्टाच्या बटणाएवढे. गोळीची जाडी ५.६ मिलिमीटर. अंतिम फेरीत गुण दशांशात मोजतात आणि एक दशांश गुण म्हणजे लक्ष्यावरचे ०.८ मिलिमीटर अंतर. नळी साधारण ६५ सेंटिमीटर लांब धरली, तर तिचे टोक एका मिलिमीटरच्या शंभराव्या भागाने कलले की ५० मीटरवर गोळी जवळजवळ तेवढीच, म्हणजे एका दशांश गुणाने सरकते. केसाच्या जाडीइतके कलले तर पाच मिलिमीटरने. २०१२ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये जॉयदीप कर्माकर ५० मीटर प्रोनमध्ये चौथा आला. ७० गोळ्यांनंतर त्याचे गुण ६९९.१ आणि कांस्यपदक विजेत्याचे ७०१. पदक आणि चौथा क्रमांक यांच्यामधली दरी ही एवढी असते.

इथे एखादा चौकस श्रोता म्हणेल, थांबा. नेम धरायची मागची साइट ॲक्शनवर बसवलेली, पुढची साइट नळीवर. दोन्ही लोखंडावरच. मग खालचे लाकूड हलले तर काय बिघडले? नेम तर लोखंडानेच धरला!

प्रश्न अगदी योग्य आहे आणि बैठकीचे सगळे मर्म त्याच्या उत्तरात आहे. उत्तराचे दोन भाग आहेत.

पहिला भाग ताणाचा. चार पायांचे टेबल खडबडीत फरशीवर ठेवले की डुगडुगते. एका कोपऱ्यावर जोर दिला तर डुगडुगणे थांबते, पण टेबल किंचित मुरडते. ॲक्शनचेही तसेच. खाच सपाट नसेल आणि आपण स्क्रू पिळले, तर पोलादी ॲक्शन लाकडाच्या उंचसखलपणाप्रमाणे वाकते. डोळ्यांना हे वाकणे दिसत नाही. पण वाकवलेले पोलाद परत सरळ व्हायला धडपडत असते. दर गोळीच्या धक्क्याने, नळी तापली की, हवा बदलली की, ते थोडे वेगळ्या ठिकाणी स्थिरावते. बोल्ट सुद्धा मग सरळ घरात चालत नाही.

दुसरा भाग हालचालीचा. गोळी नळीतून बाहेर पडायला दोन-तीन सहस्रांश सेकंद लागतात. गोळीचे वजन सुमारे २.६ ग्रॅम, रायफलीचे पाच-सहा किलो. गोळी पुढे जाताना रायफल मागे सरकते आणि गोळी नळीचे तोंड ओलांडेपर्यंत हे सरकणे सुमारे ०.३ मिलिमीटर झालेले असते. म्हणजे गोळी आत असतानाच रायफल हलू लागलेली असते! शिवाय नळी तारेसारखी थरथरत असते. याला इलाज नाही आणि इलाजाची गरजही नाही. रायफल दर वेळी अगदी सारखीच हलली तर गोळ्या एकाच ठिकाणी जातील. साइट त्या जागेवर आणून ठेवली की काम झाले. पण ॲक्शन खाचेत कधी पाव सूत सरकली, कधी नाही, कधी डाव्या कडेला अडली, कधी मागच्या, तर प्रत्येक गोळीला वेगळी रायफल मिळाल्यासारखे होते. नेमबाज मात्र एकच असतो आणि बोल त्यालाच लागतो.

हे समजायला मिरजेचा तानपुरा आठवावा. तार तीच, भोपळा तोच. पण घोडीवर तार जिथे टेकते तिथला पृष्ठभाग कारागीर हाताने घासून असा आणतो की तार नेमकी टेकावी आणि मोकळीही बोलावी. जवारी लागली की तानपुरा गातो. रायफलीची बैठक ही लोखंडाची जवारी आहे. टेकायचे तिथे पूर्ण टेकले पाहिजे, बाकी सगळीकडे मोकळे राहिले पाहिजे.

आता लाकडाकडे वळू. चांगले दस्ते बहुधा अक्रोडाच्या लाकडाचे असतात, किंवा पातळ पट्ट्या एकमेकींवर चिकटवून बनवतात. लाकूड हवेतला ओलावा घेते आणि सोडते. पावसाळ्यात घराचे दार फुगून चौकटीत अडकते, तेच इथे घडते. लाकूड रेषांच्या लांबीत फारसे वाढत नाही, रेषांच्या आडवे मात्र फुगते. आणि रायफलीचे दोन्ही स्क्रू नेमके आडव्या दिशेने लाकूड पार करतात. म्हणून जुलै महिन्यात कोकणात किंवा कोल्हापुरात स्क्रू न पिळताच आवळला जातो आणि एप्रिलमध्ये विदर्भात न सोडताच ढिला होतो. वर्षानुवर्षे दाबले गेलेले लाकूड चेपते, त्यात तेल मुरून मऊ होते. क्लबमधल्या अनेक हातांतून गेलेल्या जुन्या रायफलीची खाच उघडून पाहिली तर एखादा चकचकीत काळा डाग दिसतो. लोखंड तेवढ्याच जागेवर टेकलेले असते.

ही डोकेदुखी आजची नाही. ‘थ्री नॉट थ्री’च्या काळात लष्करी आर्मरर लोकांचे निम्मे कौशल्य लाकडाच्या खाचेतच असे. ऑस्ट्रेलियात स्थानिक मऊ लाकूड वापरावे लागले, तेव्हा धक्का झेलणाऱ्या जागी तांब्याच्या पट्ट्या बसवल्या गेल्या. आपल्याकडे ईशापूरच्या कारखान्यात बनलेल्या रायफलींच्या लाकडात एक जादा आडवा स्क्रू दिसतो, तो लाकूड फाटू नये म्हणून. त्याच घराण्यातल्या नंबर फोर रायफलीत नळीचे टोक लाकडावर ठरावीक भाराने, एक ते तीन किलोच्या दरम्यान, टेकलेले असावे असा नियम होता. आजच्या मॅच रायफलीत उलट नळी पूर्ण मोकळी ठेवतात. रीत वेगळी, पण दोन्हींचा हेतू एकच: आज जसे टेकले तसेच उद्याही टेकावे.

मग आपली रायफल बिघडली आहे हे ओळखायचे कसे? इथे घाई करू नये, कारण दोष बैठकीचाच असेल असे नाही. काडतुसांचा लॉट बदलला की निकाल बदलतो. साइटचा स्क्रू ढिला असतो. नळीच्या तोंडाशी शिसे साचलेले असते. हे सगळे आधी तपासावे. बैठकीचा संशय घ्यावा तो ठरावीक खुणांवरून. गोळ्यांचे एकाऐवजी दोन वेगळे पुंजके पडतात. पहिल्या दोन-तीन गोळ्या एकीकडे आणि नंतरच्या दुसरीकडे जातात. आज साइट लावली तर परवा ती लागू पडत नाही. स्क्रू थोडा आवळला की पुंजक्याची जागाच बदलते. ही शेवटची खूण फार बोलकी.

तपासणीच्या दोन सोप्या रीती सांगतो. त्याआधी एक गोष्ट, जी कधीही वगळायची नाही. रायफल रिकामी करा. बोल्ट काढून बाजूला ठेवा. कोठीत डोळ्यांनी पाहा, बोटाने चाचपा. काडतुसे दुसऱ्या खोलीत. हे झाल्यावरच पुढचे.

पहिली रीत कागदाची. साध्या कागदाची पट्टी नळी आणि लाकूड यांच्या मधून घालून ॲक्शनच्या दिशेने सरकवत न्यावी. कुठे अडली तर तिथे नळी लाकडाला टेकते आहे. हीच पट्टी पावसाळ्यात आणि उन्हाळ्यात, दोन्ही वेळा फिरवावी.

दुसरी रीत बोटाची. रायफल उभी धरून एक बोट नळी आणि दस्त्याचे टोक यांच्या सांध्यावर ठेवायचे, दोन्हींना स्पर्श होईल असे. दुसऱ्या हाताने एक स्क्रू हळूहळू ढिला करायचा, पुन्हा आवळायचा. मग दुसरा. बोटाखाली नळी वर-खाली झाल्याचे जाणवले तर बैठकीत ताण आहे. कारखान्यातल्या फिटरकडे डायल गेज असते. ते लावले तर आकडाच मिळतो. स्क्रू सोडल्यावर काटा ०.०५ मिलिमीटरच्या आत हलला तर बैठक चांगली. त्याहून पुष्कळ जास्त हलला तर काम निघाले.

पण काम काढण्याआधी एक स्वस्त इलाज करून पाहावा. दोन्ही स्क्रू मोजून आवळावेत. ‘चांगला घट्ट’ हे माप नाही. प्रत्येकाच्या मनगटातला ‘चांगला घट्ट’ वेगळा. टॉर्क रेंच नावाची पिळाचा जोर मोजणारी चावी मिळते. रायफलीच्या पुस्तिकेत आकडा दिलेला असतो. पुष्कळशा पॉईंट टू टू मॅच रायफलींसाठी तो ५ न्यूटन-मीटरच्या आसपास असतो, पण आपल्या पुस्तिकेतलाच पाळावा. दोन्ही स्क्रू आळीपाळीने, थोडे थोडे आवळावेत. किती तरी रायफली एवढ्यानेच सुधारतात. आकडा वहीत लिहून ठेवावा आणि ऋतू बदलला की पुन्हा तपासावा.

एवढ्याने भागले नाही तर खरी बैठक बनवावी लागते. हे काम परवानाधारक गनस्मिथने किंवा जाणत्या आर्मररनेच करावे. पॉईंट टू टू रायफल हे परवान्याचे शस्त्र आहे, शिवाय ती बहुधा क्लबची असते. तरीही काम कसे होते हे नेमबाजाला ठाऊक हवे, म्हणजे ते बरोबर झाले की नाही हे कळते.

प्रथम खाचेतले तेलकट, चेपलेले लाकूड एक-दोन मिलिमीटर खरवडून काढतात. स्क्रूंची भोके मोठी करून त्यांत ॲल्युमिनियमच्या नळकांड्या बसवतात. त्यांना पिलर म्हणतात. स्क्रू आवळला की धातूवर धातू येतो आणि मधले लाकूड फुगो की आटो, पिळाचा जोर बदलत नाही. मग दोन भागांचे इपॉक्सी, बहुधा पोलादाची किंवा ॲल्युमिनियमची भुकटी मिसळलेले, खाचेत भरतात आणि त्यावर ॲक्शन अलगद ठेवतात. इपॉक्सी ॲक्शनच्या आकाराप्रमाणे घट्ट होते. दाताचा डॉक्टर माप घेतो, तसेच हे माप. फरक इतकाच की हे माप तिथेच कायमचे राहते.

दोन ठिकाणी फार जपावे लागते. पहिले, इपॉक्सी लोखंडाला चिकटता कामा नये. म्हणून ॲक्शनवर मेण किंवा बुटाचे बिनरंगी पॉलिश दोन-तीन वेळा चोळतात आणि तिच्यावरची प्रत्येक खाच, प्रत्येक भोक मुलांच्या खेळातल्या मऊ मातीने बुजवतात. एखादे भोक राहिले तर इपॉक्सी त्यात शिरून कुलूप लावते आणि मग दस्ता फोडल्याशिवाय रायफल निघत नाही. मोठ्या बोअरच्या रायफलीत ॲक्शनखाली धक्का झेलणारा एक पोलादी ठोकळा असतो. त्याच्या पुढे, बाजूंना आणि खाली चिकटपट्टी लावून फट राखतात आणि फक्त मागची बाजू टेकू देतात.

दुसरे त्याहून महत्त्वाचे. इपॉक्सी वाळत असताना स्क्रू आवळायचे नाहीत. ते फक्त जागा दाखवण्यापुरते असावेत. माणसाला वाटते, घट्ट दाबले तर बैठक पक्की होईल. होते उलटेच. दाबले की ॲक्शन वाकते, इपॉक्सी त्या वाकलेल्या आकाराचे माप घेते आणि जो ताण घालवायला बसलो तोच दगडात कोरल्यासारखा कायम होतो. ॲक्शन स्वतःच्या वजनाने, निवांत पडली पाहिजे. एक दिवस, थंडीत दोन दिवस, तिला हात लावू नये.

सुटी केल्यावर खाच पाहावी. कोल्हापूरच्या उद्यमनगरात लेथवर काम करणाऱ्या कोणालाही ‘ब्ल्यू मॅचिंग’ ठाऊक असते. निळा रंग लावून दोन पृष्ठभाग एकमेकांवर टेकवायचे आणि रंग कुठे उमटला ते पाहायचे. इथेही तेच. रंग सगळीकडे सारखा उमटला म्हणजे काम झाले. पुन्हा बोटाची परीक्षा घ्यावी. आता स्क्रू सोडला तरी नळी जागची हलत नाही.

शेवटची परीक्षा रेंजवर. एकाच लॉटची काडतुसे घ्यावीत, वारा पडलेला असताना रायफल टेकवून, दहा-दहा गोळ्यांचे निदान पाच पुंजके काढावेत. कामाच्या आधीही तितकेच काढून ठेवलेले असावेत, नाहीतर तुलना कशाशी करणार? पाच गोळ्यांचा एक सुरेख पुंजका खिशात घालून फिरू नये. तो नशिबानेही पडतो. मोठी पेटी, लहान पेटी, दोन्ही मोजा आणि सरासरी पाहा. सुधारणा खरी असेल तर ती पाचही कागदांवर दिसते.

हल्ली ॲल्युमिनियमचे दस्ते पुष्कळ वापरात आहेत. त्यांना पावसाळा बाधत नाही. पण त्यांतही ॲक्शन स्क्रूनेच आवळलेली असते आणि स्क्रू मोजूनच आवळावे लागतात. दस्ता बदलला म्हणून नियम बदलत नाही.

श्रोतेहो, हे सगळे एवढ्या तपशिलाने सांगण्याचे कारण रेंजवरची मुले. चौदा-पंधरा वर्षांची मुलगी. गुण अचानक घसरतात. नऊ, दहा, आठ, दहा. प्रशिक्षक म्हणतो, मन एकाग्र नाही. घरचे म्हणतात, दहावीचे वर्ष आहे, पुरे आता. मुलगीही स्वतःला दोष देऊ लागते. प्रत्येक गोळीला ट्रिगर दाबताना तिचे बोट बिचकते आणि मग खरोखरच चुका होऊ लागतात. कधी कधी या सगळ्याच्या मुळाशी अर्धा फेरा ढिला झालेला मागचा स्क्रू असतो. माणसाला बोल लावणे सोपे असते, स्क्रू तपासायला खाली वाकावे लागते.

याची दुसरी बाजूही तितकीच खरी. बैठक सुधारली म्हणून कोणी विजेता होत नाही. श्वास, पवित्रा, ट्रिगर, वाऱ्याचा अंदाज, यांची जागा इपॉक्सी घेऊ शकत नाही. नीट बसलेली रायफल एकच काम करते. ती खरे बोलते. नऊ लागले तर ते नऊ नेमबाजाचे असते आणि दहा लागले तर दहाही त्याचेच असतात. शिकणाऱ्याला याहून मोठी मदत कोणती? आपली चूक आपलीच आहे याची खात्री असली, तरच ती सुधारता येते.

म्हणून प्रत्येक क्लबने वर्षातून दोनदा, जूनच्या पहिल्या पावसानंतर आणि दिवाळीच्या सुमारास, आपल्या रायफलींचे स्क्रू मोजून पाहावेत, नळीखालून कागद फिरवावा आणि प्रत्येक रायफलीची एक वही ठेवावी. या कामाला सरकारी अनुदान लागत नाही. एक टॉर्क रेंच सगळ्या क्लबला पुरते. नवी रायफल घेऊन देण्याआधी पालकांनीही एवढे विचारावे, “हिची बैठक कोणी तपासली आहे का?”